शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर दीर्घिकांवर पीएच.डी. करायची आहे. गाईडचं संशोधन किती आणि त्याला मान किती, हे कसं तपासायचं?

गुगल स्कॉलरवर थांबू नका, तिथे प्रबंध, अहवाल सगळंच मोजलं जातं. खगोलशास्त्रात नासाची एडीएस ही शोधनिबंध (पेपर) शोधायची मोफत साइट वापरतात. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर असं शोधा आणि डावीकडच्या फिल्टरमधून फक्त रेफरीड, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले, पेपर ठेवा. मग मेट्रिक्स (आकडेवारी) उघडा: एकूण सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स, सेल्फ-सायटेशन (स्वतःच्याच पेपरांना दिलेले संदर्भ) एकाच पानावर दिसतात. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० पेपरांना प्रत्येकी २० किंवा जास्त सायटेशन.

घोळ होतो तो नावात. ‘पाटील, एस’ टाकलं की अर्धा कोल्हापूर जिल्हा हजर! ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर त्यानेच शोधा, नाहीतर संस्थेचं नाव जोडा.

दुसरी फसगत मोठ्या सर्व्हेची, म्हणजे आकाशाच्या सर्वेक्षणांची. स्लोनसारख्या प्रकल्पाच्या डेटा रिलीज पेपरवर (सर्वेक्षणाचा डेटा सगळ्यांसाठी खुला करताना निघणारा पेपर) शेकडो लेखक असतात आणि तो डेटा वापरणारा प्रत्येक जण तो पेपर सायट करतो. अशा दोन-चार पेपरांनी एकूण आकडा फुगतो. म्हणून आडनावाआधी ^ चिन्ह लावून फक्त प्रथम लेखक असलेले पेपर काढा. मेट्रिक्समधला ‘नॉर्मलाइज्ड’ आकडाही बघा, त्यात सायटेशन लेखकसंख्येने भागलेली असतात.

माझ्या मते गाईड निवडताना एच-इंडेक्सपेक्षा गेल्या पाच वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं किती पेपरांवर पहिली आहेत, हे जास्त बोलकं.