अंबू बॅगचा मास्क निवडताना

अंबू बॅग म्हणजे रुग्णाला श्वास द्यायची, हाताने दाबायची पिशवी. तिच्या मास्कचं आधी माप बघ. मास्कची वरची कड नाकाच्या दांड्यावर आणि खालची कड खालचा ओठ व हनुवटी यांच्यामधल्या खळगीत बसली पाहिजे. डोळ्यांवर दाब येत असेल किंवा कड हनुवटीखाली उतरत असेल तर तो मोठा आहे, बदल. नवीन मुलं ‘मोठा असलेला बरा’ म्हणून चुकीचा उचलतात आणि मग बाजूने फुस्स आवाज येत राहतो, छाती काही वर येत नाही.

मास्क पारदर्शकच घे. उलटी, रक्त, ओठांचा रंग, श्वासाचं धुकं सगळं दिसतं. काळे रबरी मास्क मला अजिबात पटत नाहीत. कडेची हवेची गादी बोटाने दाबून बघ: दगडासारखी टणक नको, पिचकलेलीही नको. बॅगला जोडायचं तोंड २२ मिमीचं असतं. लहान बाळांच्या मास्कचं बहुधा १५. नवजातासाठी गोल, मऊ सिलिकॉनचा बरा.

दाढी किंवा बोळकं तोंड असेल तर मास्क कितीही चांगला असो, हवा गळतेच. घट्ट बसलेली कवळी काढू नकोस. दोन्ही हातांनी मास्क धर, बॅग दुसऱ्याला दाबू दे.