वाचकांचे प्रश्न : बाटली कुठं अडकवायची आणि सॅक हलकी कशी करायची

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही पाच-सहा मित्र रविवारी पहाटे नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जातो आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडला दोन रात्री जायचा प्लॅन आहे. माझ्याकडे एक लिटरची थर्मास टाईप बाटली आहे, ती साईड पॉकेटमधून सारखी निसटते. एक मित्र म्हणतो मिलिटरीसारखी कमरेला लावायची कँटीन घे, दुसरा म्हणतो पाईपवालं ब्लॅडर, म्हणजे सॅकमध्ये ठेवून नळीनं प्यायची पाण्याची पिशवी, घे. बजेट हजाराच्या आत आहे. काय घेऊ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मित्रा, आधी तुझी बाटली रिकामी करून घरच्या काट्यावर ठेव. दुहेरी भिंतीची एक लिटरची बाटली रिकामीच ४००-५०० ग्रॅम भरते, एकेरी पत्र्याची स्टीलची साधारण २००च्या आसपास, आणि दुकानात पाण्याची जी प्लास्टिकची बाटली मिळते ती २५-३० ग्रॅम. पाणी मात्र कशातही भरा, एक लिटर म्हणजे एक किलोच. त्यामुळं वजन कमी करायचं ते भांड्याचं आणि सॅकमधल्या बाकी सामानाचं, पाण्याचं नाही, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय कारण हलकं-हलकं करायच्या नादात पोरं एक लिटर पाणी घरी ठेवतात आणि ब्लूटूथ स्पीकर बरोबर घेतात, ते बघून जीव तुटतो.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो, नान्नजला गवताळ माळ, सावलीला झाड शोधावं लागतं. अशा उन्हात चालताना तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही एकदम घटाघटा नाही तर दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर. तासाला दीड लिटरच्या वर पिऊ नये, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस त्यानंही आजारी पडतो. आता कपभर पाणी दर पंधरा मिनिटांनी प्यायचं तर बाटली कुठं पाहिजे? हाताला लागेल तिथं. सॅक उतरवून, चेन उघडून, जॅकेटखालून बाटली काढायची असेल तर कुणी पीत नाही, "पुढच्या झाडाखाली पिऊ" म्हणत तास निघून जातो. बाटली अडकवायचं कॅरिअर घेताना मी एवढी एकच गोष्ट बघतो, न थांबता पाणी पिता येतंय का.

या हिशोबानं बघ. कमरेची कँटीन सपाट माळावर चांगली, पण चढ लागला की गुडघा उचलताना मांडीवर आपटते आणि सॅकचा कंबरपट्टा नेमका त्याच जागी येतो, म्हणजे नान्नजला पास, हरिश्चंद्रगडला नापास. खांद्यावरून तिरकी लटकवायची पट्ट्याची पिशवी स्वस्त आहे पण कातळावर दोन्ही हात टेकवायची वेळ आली की ती पुढं झुलते आणि अडकते. झाकणाच्या कडीत छोटा कॅराबिनर (उघडझाप करता येणारा धातूचा हूक) घालून सॅकला बाटली टांगतात ते तर करूच नकोस, प्लास्टिकची कडी तुटते, आणि घाटात वरून पडलेली भरलेली बाटली खालच्या माणसाच्या डोक्यात बसली तर काय होईल विचार कर.

ब्लॅडरनं पिणं सगळ्यात सोपं, हे खरं. पण किती पाणी उरलं ते दिसत नाही, उन्हात पाईपमधलं पाणी चहासारखं तापतं (पिऊन झालं की पाईपमध्ये फुंकर मारून उरलेलं पाणी परत आत ढकलायचं म्हणजे थोडं बरं पडतं), आणि त्यात सरबत किंवा ओआरएस घातलं की आत बुरशी धरते, ती काढायला दुसऱ्या दिवशी अर्धा तास जातो. शिवाय एकाच पिशवीत सगळं पाणी असलं आणि ती काट्यावर फाटली तर संपलंच. पाणी कायम दोन-तीन भांड्यांत विभागलेलं पाहिजे.

म्हणून तुझ्यासाठी असं सांगेन. एक लिटरची एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली एक, प्लास्टिकच्या एक लिटरच्या दोन, आणि सॅकच्या खांदापट्ट्यावर पुढच्या बाजूला अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी एक पाऊच. पीत राहायचं ते पुढच्या बाटलीतून, बाकीच्या सॅकमध्ये पाठीला चिकटून उभ्या. स्टीलची एकेरी का, तर वेळ पडली तर झाकण काढून सरळ आगीवर ठेवून त्यात पाणी उकळता येतं. तुझी थर्मासवाली कधीही आगीवर ठेवू नकोस, ती बंद पोकळी तापून फुटू शकते.

पाऊच विकत घ्यायची गरज नाही. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे गल्लोगल्ली आहेत, जाड नायलॉनचं कापड आणि एक इंची नायलॉन पट्टा घेऊन जा, भरलेली बाटली दाखव. रेक्झिन नको, उन्हात तडकतं. तीन गोष्टी मात्र समोर उभं राहून करून घे: पट्टा जिथं जोडतो तिथं चौकोन करून आत फुलीची शिलाई, तळाला एक आयलेट (धातूची कड लावलेलं भोक) म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, आणि वरून बाटलीच्या गळ्यात अडकेल असा इलॅस्टिक दोरीचा फास. हाच फास साईड पॉकेटला लावलास तर तिथलं निसटणंपण थांबेल. झाल्यावर सॅक भरून पाठीवर घे, बुटाची लेस बांधायला वाक, दोन जिने पळत चढ. बाटली हलली तर तिथंच परत टाईट करून घे.

थंड पाण्याचं म्हणशील तर बाटलीवर जुना सुती मोजा चढवून ओला करायचा. आपल्या कोरड्या हवेत पाणी उडून जाताना बाटली गार करतं, पूर्वी जीपला पुढं कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकवायचे त्याच्यामागं हेच. कोकणातल्या दमट हवेत मात्र याचा फारसा उपयोग नाही.

आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, मुक्काम आणि चूल दोन्हीबद्दल वनखात्याला आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, कॉलेजच्या निसर्ग शिबिराला सह्याद्रीत तीन दिवस चाललीय. सॅक पाणी न धरता नऊ किलो झाली आणि वर तिला ऑनलाईन तीस वस्तूंचं सर्व्हायव्हल किट हवंय. काय ठेवू, काय काढू?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, ते किट नकोच. त्यातली तारेची करवत, मासे पकडायचे गळ, बटणाएवढं होकायंत्र, यातलं काही तिला लागणार नाही आणि होकायंत्र तर बहुतेक वेळा धड दिशाही दाखवत नाही. त्याऐवजी एक शिट्टी गळ्यात (तीनदा वाजवली की मदत पाहिजे, हे तिला आणि मैत्रिणींना पाठ पाहिजे), डोक्याला लावायची बॅटरी, लायटर, ओआरएसची पाकिटं आणि तो चंदेरी पातळ ब्लँकेट जो घडी केल्यावर मुठीत मावतो, वजन ५०-६० ग्रॅम. एवढं सगळं मिळून अर्धा किलोच्या आत बसतं.

काढायचं काय, तर मला सांगायला वाईट वाटतंय पण आधी सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल काढा. घरात यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण सुती जाड कापड ओलं झालं की दुप्पट जड होतं आणि डोंगरावर दोन दिवस वाळत नाही. टॉवेलच्या जागी पातळ पंचा द्या. तो डोक्याला बांधता येतो, ओला करून मानेवर ठेवता येतो, हात मोडला तर झोळी होते, आणि घडी घालून गढूळ पाणी गाळता येतं. चादरीच्या जागी सिंथेटिक स्लीपिंग बॅग, भाड्यानं मिळाली तरी चालेल. जीन्स दोन असतील तर दोन्ही काढा, ट्रॅक पँट द्या.

खायला मात्र आपल्या घरचंच द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतकं हलकं आणि टिकाऊ ट्रेकिंगच्या दुकानात शोधून मिळणार नाही, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. भाकरी घरीच चुरून डब्यात भरा, नाहीतर सॅकमध्ये तिचा तसाही चुरा होतो. फक्त हे कोरडं आणि खारट खाणं आहे, त्याला पाणी जास्त लागतं, तेवढं जास्तीचं पाणी धरा.

प्रश्न : गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायला फिल्टर घ्यावा का क्लोरीनच्या गोळ्या पुरतात?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : गोळ्या घ्या, वजन नाही आणि खिशाला परवडतात. पाणी आधी पंचातून गाळा, गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण, मग निदान अर्धा तास थांबा. काही चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून जमलं तर उकळणं उत्तम, खळखळून उकळी आली की एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात पण आपलं कळसूबाई शिखरच १६४६ मीटर आहे. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू नाही. आणि पाण्यावर हिरवा दाट तवंग असेल तर गोळी, फिल्टर, उकळणं काहीच पुरेसं नाही, काही शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. ते टाकं सोडून गावातून भरून आणलेलं पाणी प्या.