बँड लावून झाले, मग परत एंडोस्कोपी कशाला?

प्रश्न : बाबांना लिव्हर सिरोसिस आहे. मागच्या महिन्यात रक्ताची उलटी झाली तेव्हा दुर्बीण टाकून अन्ननलिकेतल्या शिरांना रबर बँड लावले, रक्त थांबलं. आता परत बोलावलंय. बाबा म्हणतात मी ठणठणीत आहे, परत नळी गिळणार नाही. शिवाय प्रोप्रानोलॉल चालू केलीये, बीपी नसताना ही गोळी कशाला?

उत्तर : जायलाच हवं. ठणठणीत वाटणारच हो, कारण या शिरा फुटेपर्यंत दुखत नाहीत की खुपत नाहीत, तीच तर पंचाईत आहे. लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून जायला जागा मिळत नाही, प्रेशर वाढतं आणि ते रक्त अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या नाजूक शिरांतून वाट काढतं, त्या फुगतात आणि एखादी फुटते. बँडिंगमध्ये फुगलेली शीर दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढून घेतात आणि तिच्या बुडाशी बँड सोडतात, मग तेवढा भाग सुकून काही दिवसांत बँडसकट गळून पडतो. तिथे छोटी जखम राहते, ती भरायला वेळ द्यावा लागतो म्हणून पुढचं बँडिंग साधारण 2 ते 4 आठवड्यांनी. एका बैठकीत सगळ्या शिरा जात नाहीत. त्या गेल्या तरी मधूनमधून तपासणी लागतेच, कारण लिव्हरमधलं प्रेशर बँडने कमी होत नाही, शिरा परत येतात. पहिल्या रक्तस्रावानंतर काहीच उपचार केले नाहीत तर एक-दोन वर्षांत 10 पैकी जवळपास 6 जणांना परत रक्त जातं.

गोळी याच प्रेशरसाठी आहे, बीपीसाठी नाही. नाडी थोडी मंदावेल, ते अपेक्षितच असतं, पण चक्कर यायला लागली किंवा पोटात पाणी झालं तर डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या, आपल्या मनाने बंद नको. आणि अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर अजिबात देऊ नका. दारू पूर्ण बंद, हे वेगळं सांगायला नको.

बँडिंगनंतर दोन-चार दिवस छातीत दुखणं, गिळताना अडकल्यासारखं वाटणं चालतं, तेव्हा मऊ आणि गार जेवण द्या. मात्र रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास, घेरी किंवा असंबद्ध बोलणं यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सी गाठा, सकाळची वाट बघू नका.

नळीचीच धास्ती असेल तर झोपेचं इंजेक्शन देता येईल का ते आधीच विचारा. लिव्हरच्या पेशंटला ते जपून द्यावं लागतं, पण बऱ्याचदा जमतं.