जखमेची पट्टी आणि ताऱ्यांची मोजदाद

प्रश्न : सर, सप्रेम सलाम. माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाताळला घरी आला, पण उपासनेला आला नाही. म्हणाला, "आई, विश्वात अब्जावधी दीर्घिका आहेत. त्या सगळ्यांचा कर्ता एका गोठ्यातल्या गव्हाणीत जन्मला आणि तो माझ्या परीक्षेची काळजी करतो, हे तुला खरंच पटतं?" मला उत्तर सुचलं नाही. रात्री गच्चीवर गेले, वर पाहिलं आणि माझीच छाती दडपली. त्याला काय सांगू? – एक आई, जालना

उत्तर : ताई, सप्रेम सलाम. आधी एक सांगतो, मुलावर रागावू नका. त्यानं विचारलंय ते दाविद राजानं आधीच विचारून ठेवलंय. बायबलमधलं आठवं स्तोत्र काढा. तुझ्या बोटांचं काम असलेलं हे आकाश, हे चंद्र-तारे पाहिले की वाटतं, माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावी? दाविदाकडे दुर्बीण नव्हती. नितळ अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात, तेवढ्यानंच तो हबकला. म्हणजे हा प्रश्न विज्ञानानं आपल्या घरात आणून टाकलेला नाही. तो आपल्याच प्रार्थनेतला आहे.

माझं बालपण प्रवरेच्या पाटावरचं. पाण्याची पाळी रात्रीची आली की वडील मला कंदील धरायला गव्हाच्या रानात न्यायचे. ते खोऱ्यानं दारं मोडायचे, मी बांधावर कुडकुडत उभा. वाफा भरत आला की पाणी क्षणभर निवायचं आणि त्यात मृग नक्षत्रातलं तिकांडं उतरायचं, ओळीत तीन ठिपके. वडिलांनी पाय टाकला की ते विस्कटायचं, पाणी थांबलं की पुन्हा जुळायचं. मध्यरात्र उलटून तिकांडं पश्चिमेला कललं की वडील म्हणायचे, "आता दोन वाफे, मग घरी." ते चौथी शिकलेले, पण आठवं स्तोत्र तोंडपाठ. दारं धरताना पुटपुटायचे. देव मोठा आहे हे मला उपासनेत सांगितलं गेलं. ते खरं वाटलं त्या वाफ्याशी.

पुढं विज्ञान शिकलो, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कळलेल्या एकाही गोष्टीनं तो वाफा पुसला नाही. तिकांड्याखाली डावीकडं जो लखलखीत तारा दिसतो तो व्याध, साडेआठ प्रकाशवर्षांवर. आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा तुमचा मुलगा पाचवी-सहावीत असेल. देवयानी दीर्घिकेचा अंधुक पुंजका दिसला, तर तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. हे मुलाला ठाऊक असेलच. तुम्ही त्याच्याकडून ऐका. आईला समजावून सांगताना मुलं वेगळ्या आवाजात बोलतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. विश्वाच्या आरंभीचा महास्फोट (बिग बँग) दाखवून देव सिद्ध करायला जाऊ नका. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्वाच्या आरंभाची कल्पनाही त्यांचीच. 1951 मध्ये पोप बाराव्या पायस यांनी या नव्या विज्ञानात निर्मितीची साक्ष दिसते असं भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलग राहावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1966 मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्या आदिम अवस्थेतून उरलेलं प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली ऊर्जा, सापडल्याची बातमी त्यांना कळली. गणित त्यांनी गणितासारखं केलं आणि मिस्साही रोज अर्पण केला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

येशूच्या जन्मावेळी दिसलेल्या बेथलेहेमच्या ताऱ्याचंही तसंच. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी एकमेकांना अगदी खेटून दिसले, तेव्हा "हाच तो तारा" असे निरोप मोबाइलवर फिरत होते. गुरू-शनीची युती इसवी सनपूर्व 7 मध्येही झाली होती हे खरं. पण तो तारा म्हणजे नेमकं काय हे ती गोष्ट लिहिणारा मत्तय त्याच्या शुभवर्तमानात सांगत नाही, मग मीही सांगत नाही. मी गच्चीवरून ती जोडी पाहिली आणि देवाचे आभार मानले.

आता मुलाच्या प्रश्नाचा गाभा. एवढ्या मोठ्याला एवढं लहान कसं दिसेल? साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरचा एखादा माझ्या नजरेतून निसटायचा, कारण माझं लक्ष तोकडं. पसारा वाढला की एकेकाचा विसर पडतो, ही आपली मर्यादा. ती देवालाही आहे असं आपण का धरून चालतो?

माझी पत्नी गेली त्या वर्षी मला प्रार्थना येत नव्हती. रात्री ओट्यावर नुसता बसायचो. एकदा 147 वं स्तोत्र उघडलं. तिसरं वचन म्हणतं, तो भग्नहृदयी जनांच्या जखमांना पट्टी बांधतो. लगेच चौथं म्हणतं, तो ताऱ्यांची गणती करतो, प्रत्येकाला नावानं हाक मारतो. मधे दुसरं वचन नाही, "परंतु" नाही. शेकडो वेळा वाचलेलं, पण ही दोन वचनं शेजारी आहेत हे त्या रात्री दिसलं. मोजणारा हात आणि पट्टी बांधणारा हात एकच. गव्हाणीत तोच हात माणसाचं बोट धरण्याइतका लहान झाला, असं मी मानतो. मुलाला हे पटेलच असं नाही. तुम्ही आपलं म्हणून सांगा, त्याचं म्हणून लादू नका.

जमलं तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास त्याला घेऊन नारायणगावजवळ खोडदला जा. तिथं महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना दाखवतात. अशा तीस तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची. मी शाळेची मुलं नेली होती. आवाज न करता ती तबकडी वळायला लागली, तशी गोंधळ घालणारी पोरं आपोआप गप्प झाली.

त्याआधी एखाद्या अमावास्येला गावाकडच्या घरी जा. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात 38 व्या अध्यायात देव विचारतो, कृत्तिकांना तू बांधशील का, मृगशीर्षाचे बंध सोडशील का? त्या दोन्ही तुमच्या डोक्यावर असतील. अंगणातला दिवा मालवा, मोबाइल घरात ठेवा आणि वीस मिनिटं दोघं नुसते बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.