दीक्षाभूमीवर पहिल्यांदा सेवेला येतोस, तर

अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, जेवणाच्या स्टॉलवर पहिल्यांदाच उभा राहणार आहेस, म्हणून सांगतो. जेवणाआधी पाणी दे. माणसं रात्रभर जनरल डब्यात उभ्यानं येतात, स्टेशनवरून पायी निघतात. गाव-नाव विचारत बसू नको. "जयभीम, बसा मावशी" म्हण. म्हाताऱ्या बायांना रांगेत ठेवू नको, पत्रावळ हातात नेऊन दे. एकदा एका आजीनं पिशवीतली भाकर आमच्या पोराला पुढं केली. तो नको म्हणाला, तिचा चेहराच पडला. तू घे, तिच्यासमोर खा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथंच धम्मदीक्षा घेतली, लाखोंना दिली. ही माणसं इथली घरचीच आहेत. आणि हो, मोबाईल चार्जिंगसाठी एक बोर्ड जास्तीचा लाव.