वाचक विचारतात: स्कीवर पडलो, अकिलिस तुटला, आता पुढे काय?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मिनेसोटात असतो, उन्हाळ्यात दर वीकएंडला तलावावर बोटीमागे स्लॅलम स्की (दोन्ही पाय एकाच स्कीवर, एक पुढे एक मागे) करतो. जूनमध्ये बोटीचा वेक (बोटीमागे उठणारी लाट) ओलांडताना स्कीचं टोक पाण्यात घुसलं नि मी पुढे फेकलो गेलो, मागचा पाय निघाला पण पुढचा रबरी बुटात अडकून राहिला, आणि कोणीतरी मागून लाथ घातल्यासारखं वाटलं. अकिलिस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारं टेंडन (स्नायूचा दोर), पूर्ण तुटला होता. ऑपरेशन न करता डॉक्टरांनी दिलेला आधाराचा बूट घालूनच बरा केलाय. आता चार महिने झाले, चालायला काही त्रास नाही, पोटरी तेवढी बारीक झालीये. मित्र फ्लोरिडाला स्कीसाठी बोलावतायत, जाऊ का? आणि बाइंडिंग (स्कीवर पाय धरून ठेवणारा बूट किंवा पट्टा) कुठलं घेऊ?

उत्तर: अहो दादा, फ्लोरिडाला खुशाल जा, पण बोटीत बसा, पाण्यात नको. चालता येतंय म्हणजे टेंडन तयार झालं असं नसतं ना. डीप वॉटर स्टार्ट (खोल पाण्यातून बोटीच्या ओढीने उभं राहणं) आठवा, गुडघा छातीशी, घोटा पूर्ण वाकलेला आणि त्यातच बोट खेचते, म्हणजे नव्याने जुळलेल्या टेंडनला जबर ताण बसतो तो उभं राहायच्या आधीच, पडण्याची तर गोष्टच सोडा. अशा खेळात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरतात, पण मी कॅलेंडरपेक्षा टाच बघते. भिंतीला हात टेकवा, एका पायावर उभे राहा आणि टाच उचला. चांगल्या पायाने जेवढ्या वेळा आणि जेवढी उंच जाते त्याच्या जवळपास दुसरीही जायला हवी, नुसता आकडा गाठला नि टाच अर्धीच उचलली तर ते धरायचं नाही. उड्या वगैरे त्यानंतर, फिजिओ सांगेल तेव्हा.

आणि प्लीज, पोटरी आखडल्यासारखी वाटते म्हणून पायरीवर उभं राहून टाच खाली लोंबकळत सोडायचा स्ट्रेच करू नका, हे बरेच जण करतात. टेंडन लांबट जुळलं की पायाचा रेटा जातो तो जातोच, मग कितीही व्यायाम करा.

आता बाइंडिंग. तुमच्याच राज्यात 1922 मध्ये राल्फ सॅम्युएलसनने लेक पेपिनवर हा खेळ सुरू केला तेव्हा पाय धरायला चामड्याचे पट्टे होते, आता पाय घट्ट पकडणारे बूट आलेत आणि खरी भानगड तिथेच आहे. रबरी बुटात काय होतं, साबण लावून पाय घुसवायचा, लेस करकचून आवळायची, आणि पुढे पडलं की टाच वर निघते पण चवडा आत रुतून बसतो, स्की थांबलेली, अंग पुढे, सगळा झटका त्या टेंडनवर. दोन्ही पाय निघाले तर उत्तम, दोन्ही आत राहिले तरी एकवेळ निभावतं, पण एक निघाला नि एक अडकला की घोट्याची वाट लागते.

म्हणून माझं मत, पुढच्या पायाला रिलीज होणारा हार्डशेल (कडक कवचाचा) बूट, जो आख्खाच्या आख्खा स्कीवरून सुटतो, आणि मागच्या पायाला फक्त चवड्याचा पट्टा, तोही सैलसर. पुढचा सुटणारा आणि मागे आवळलेला फुल बूट ही जोडी मात्र अजिबात नको. रिलीजचं टेन्शन (बूट किती जोराने सुटेल ते) तुमच्या वजनाप्रमाणे कंपनीने सांगितलंय तिथून कमी बाजूनेच सुरू करा, मधेच उगाच सुटला तर थोडं थोडं वाढवा. रिलीज नीट होतोय का ते घरी गालिच्यावर बघा, पण तुमचा पाय घालून नको एवढ्यात, बूट रिकामाच लावा आणि मित्राला स्कीवर उभं करून टाचेकडून वर ओढा. बुटाखालची प्लेट चिकटपट्टीसारख्या लॉकने बसवायची असेल तर वाळू-माती अडकलीये का ते प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी बघायचं, आणि पट्टी झिजली की बदलायची, तिथे काटकसर नको.

अजून एक, सर्दी-खोकल्याला वगैरे कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर आधी अकिलिसचं सांगा, ह्या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडन फाटू शकतं म्हणून अमेरिकेत एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2008 मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापायला लावलाय, डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात.