मानसशास्त्रात एमए करायचे आहे. अर्ज कुठे आणि केव्हा करावा?

आपण बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे, असे लिहिले आहे. म्हणून आधी हे लक्षात घ्यावे की नुसत्या एमएवर तसे काम करता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून तिथे नोंदणी करावी लागते. त्यामुळे कुठल्याही विभागाची निवड करताना त्याच्या नावापेक्षा पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करायला मिळते, प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होतात आणि अहवाल कोण तपासतो, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारूनच ठरवावे. माझ्या मते याहून भरवशाची कसोटी नाही.

वेळेचे म्हणाल, तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि बहुतेक केंद्रीय विद्यापीठे सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या देशपातळीवरील सामायिक परीक्षेचे गुण धरतात. अलीकडच्या वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत आणि परीक्षा मार्चमध्ये झाली आहे, म्हणजे पदवीचा निकाल लागेपर्यंत थांबणाऱ्याची संधी हुकते. राज्यातील विद्यापीठांच्या प्रवेशसूचना बहुधा उन्हाळ्यात निघतात, त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात.

नोकरी सांभाळून दूरस्थ एमए करण्याचा विचार मात्र सोडावा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवण्यास मनाई केली आहे.

संशोधनाची ओढ असेल, तर अमेरिकेतील पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, आणि तिथे विद्यापीठाआधी मार्गदर्शक निवडावा लागतो.